लिपमनचें ‘लोकमत’ आणि अमेरिकेंतील आजचा अविश्वास

वॉल्टर लिपमन ह्या अमेरिकन ग्रंथकाराचा ‘पब्लिक ओपिनियन’ म्हणजे ‘लोकमत’ हा ग्रंथ इ. स. १९२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. इतक्या जुन्या ग्रंथाचें परीक्षण आज करण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. तेव्हां तें प्रयोजन आरंभींच सांगून टाकणें बरें.

आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. त्यांतील दोघे बंधु आमच्या हाताखालीं शिकले, पुढें अमेरिकेंत गेले आणि तेथील नागरिक होऊन तेथेंच स्थायिक झाले. गेल्या दिवाळींत त्यांच्या मातोश्रींची गांठ पडली. मुलांचें कुशल विचारतां त्या म्हणाल्या, “सर, दोघेहि सुखरूप आहेत, पण वर्ष झालं, एकमेकांना फोन करीत नाहींत. थोरला म्हणतो, धाकटा ज्या बातम्या ऐकतो त्या सगळ्या खोट्या. धाकटा म्हणतो, थोरल्याला सरकारनं आणि वर्तमानपत्रांनी मिळून भुलवलंय. तुम्हीं दोघांना शिकवलंत; आतां तुम्हीच सांगा, खरं कोणाचं?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन लिपमनचा ग्रंथ कपाटांतून काढला आणि बऱ्याच वर्षांनीं पुन्हां साद्यंत वाचला. प्रस्तुत लेख हें त्या वाचनाचें फळ होय.

ग्रंथाच्या आरंभीं एका बेटाची हकीकत आहे. सन १९१४ मध्यें त्या बेटावर थोडे इंग्रज, फ्रेंच व जर्मन लोक राहत असत. तेथें तारायंत्र पोंचलें नव्हतें आणि टपालाची आगबोट साठ दिवसांनीं एकदां येई. सप्टेंबरच्या मध्यावर बोट आली, तेव्हां सारी वसाहत धक्क्यावर जमली होती. पॅरिसमध्यें एका वर्तमानपत्राच्या संपादकाला गोळी घालणाऱ्या बाईच्या खटल्याचा निकाल काय लागला, हें कप्तानाच्या तोंडून ऐकण्याची सर्वांस उत्कंठा होती. परंतु कळलें तें निराळेंच. सहा आठवड्यांहून अधिक काळ इंग्रज व फ्रेंच एका बाजूस आणि जर्मन दुसऱ्या बाजूस असें युद्ध पेटलें होतें. तितके दिवस हीं माणसें मित्र म्हणून वागलीं. वस्तुतः तीं एकमेकांचे शत्रु होतीं.

ह्या गोष्टीवरून लिपमन जो सिद्धान्त काढतो तो असा, कीं मनुष्याचा व्यवहार प्रत्यक्ष जगाशीं होत नसून जगाचें जें चित्र त्याच्या मनांत असतें त्याच्याशीं होतो. जग अफाट आहे आणि आयुष्य अल्प आहे. म्हणून कोणी तरी काढून दिलेल्या चित्रावर आपणांस विसंबावें लागतें. शिवाय नवीन बातमी येते ती कोऱ्या मनावर उमटत नाहीं. छापखान्यांत एकदां ओतलेल्या ठशावरून जशा हजारों प्रती निघतात, तसे कांहीं ठसे मनांत आधींच तयार असतात, आणि पाहण्यापूर्वींच आपण काय पाहणार हें ते ठरवून ठेवितात. ह्या अर्थानें ‘ठसा’ हा मुद्रकांचा शब्द विचाराच्या क्षेत्रांत आणण्याचा मान लिपमनकडेच जातो.

आमच्या दोघां शिष्यांची स्थिति त्या बेटकऱ्यांच्या नेमकी उलट आहे. बेटकऱ्यांकडे बातमी येत नव्हती म्हणून ते शत्रु असतांहि मित्र राहिले; ह्या भावांकडे घटकेघटकेस बातमी येते आणि ते भाऊ असतांहि शत्रु झाले. बातम्यांचा पुरवठा वाढला म्हणजे मनांतलें चित्र आपोआप खरें होतें, अशी जी भाबडी समजूत आपणां सुशिक्षितांत आहे, तिचें लिपमननें शंभर वर्षांपूर्वींच खंडन केलें आहे.

हें खंडन करण्याचा त्याला अधिकारहि होता. सन १९१८ मध्यें अमेरिकन सैन्यांत कप्तान ह्या नात्यानें शत्रूच्या सैनिकांसाठीं प्रचारपत्रकें लिहिण्याचें काम त्यानें केलें होतें. लोकांचीं मनें कशीं वळवितात हें त्यानें आंतून पाहिलें होतें. पुढें सन १९२० मध्यें चार्ल्स मर्झ ह्या सहकाऱ्यासह त्यानें ‘न्यूयॉर्क टाइम्स’ ह्या प्रतिष्ठित पत्राची तपासणी केली. रशियन राज्यक्रांतीसंबंधानें ह्या पत्रानें तीन वर्षांत काय छापलें, हें त्या दोघांनीं अंक पुढें घेऊन मोजलें. बोल्शेव्हिकांची सत्ता कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतांत आहे, असें वाचकांस ९१ वेळां सांगण्यांत आलें होतें! वार्ताहरांनीं जाणूनबुजून असत्य लिहिलें, असा त्या दोघांचा आरोप नव्हता. जें घडावें अशी इच्छा होती तेंच त्यांना घडतांना दिसलें, असा त्यांचा निष्कर्ष होता. टीकाकाराचें खरें काम कसें करावें, ह्याचा हा निबंध नमुना आहे. पत्र विकलें गेलें आहे असें ओरडण्यास कांहीं श्रम पडत नाहींत. एक हजारांवर अंक चाळून चूक दाखवून देण्यास पडतात.

येथपर्यंत आम्ही लिपमनबरोबर आहों. परंतु रोगाची परीक्षा जितकी अचूक, तितकेंच औषधहि गुणकारी असतें असें नाहीं. सामान्य नागरिकाला दूरच्या प्रश्नांचें ज्ञान होणें अशक्य आहे आणि वर्तमानपत्रें ही उणीव भरून काढूं शकत नाहींत. म्हणून प्रत्येक राज्यखात्याजवळ निःपक्षपाती तज्ज्ञांचें एकेक मंडळ असावें, त्यांनीं वस्तुस्थिति शोधून राज्यकर्त्यांपुढें ठेवावी, असा उपाय तो सुचवितो. ग्रंथाचा उत्तरार्ध ह्या उपायाच्या मंडनांत खर्च झाला आहे आणि तोच भाग आज सर्वांत फिका वाटतो. कारण पुढील अर्धशतकांत अमेरिकेला जवळजवळ असेंच तज्ज्ञमंडळ लाभलें, आणि अविश्वासाचें बीं त्याच मंडळाच्या अंगणांत रुजलें.

तो इतिहास थोडक्यांत सांगतों. ऑगस्ट १९६४ मध्यें टोंकिनच्या आखातांत उत्तर व्हिएटनामच्या बोटींनीं अमेरिकन नौकांवर दोनदां हल्ला केला, असें जॉन्सन सरकारनें जाहीर केलें. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हें आतां सर्वमान्य आहे. परंतु त्या वार्तेवर विसंबून प्रतिनिधिगृहानें एकहि विरोधी मत न पडतां आणि सिनेटनें अवघ्या दोन विरोधी मतांनिशीं अध्यक्षाच्या हातीं युद्धाचा अधिकार दिला. त्या सालीं, सरकार बहुतेक वेळां योग्य तेंच करील असें मानणारे अमेरिकन शंभरांत ७७ होते. हा विश्वास किती मोलाचा होता आणि तो कशावर उधळला गेला, हें जून १९७१ मध्यें उघडकीस आलें. व्हिएटनामसंबंधींचा सरकारचाच गुप्त अहवाल ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें छापण्यास आरंभ केला, सरकारनें तो बंद पाडण्याचा यत्न केला, आणि सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं वर्तमानपत्राच्या बाजूनें निकाल दिला.

ह्या अहवालावर हाना आरेंट ह्या विदुषीनें त्याच वर्षीं ‘लाइंग इन पॉलिटिक्स’ म्हणजे ‘राजकारणांतील असत्यभाषण’ ह्या नांवाचा निबंध लिहिला. लिपमनचा उत्तरार्ध वाचून झाल्यावर हा निबंध अवश्य वाचावा. कारण त्या उत्तरार्धाला इतकें समर्पक उत्तर दुसरें नाहीं. हे खोटें बोलणारे कोण होते? गांवगुंड नव्हते, अडाणीहि नव्हते. विद्यापीठांत शिकलेले, हिशेब व अनुमान ह्यांत तरबेज असे ते बुद्धिमान् लोक होते. त्यांच्या हाताखालील हेर खरी माहिती देत होते. परंतु ती त्यांच्या सिद्धान्ताशीं जुळेना, म्हणून त्यांनीं ती बाजूस सारली. दुसऱ्यांस फसवितां फसवितां ते स्वतः फसले, हें आरेंटचें मुख्य सांगणें आहे. लिपमनचा तज्ज्ञ हाहि अखेर मनांत ठसे बाळगणारा माणूसच निघाला. इतकें मात्र लिपमनच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे, कीं वृद्धपणीं त्यानें ह्याच युद्धाविरुद्ध जॉन्सनवर कठोर टीका केली आणि सत्ताधाऱ्यांचा स्नेह गमावला.

मग वॉटरगेटचें प्रकरण झालें. तें सर्वश्रुत असल्यामुळें त्यांतील दोनच गोष्टी सांगतों. २४ जुलै १९७४ रोजीं अध्यक्ष निक्सन ह्यांनीं ध्वनिफिती न्यायालयाच्या स्वाधीन केल्याच पाहिजेत, असा सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला. त्या निकालावर मत देणाऱ्या आठ न्यायाधीशांपैकीं तिघे खुद्द निक्सन ह्यांनींच नेमलेले होते. तीन दिवसांनीं प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितींत महाभियोगाचें पहिलें कलम २७ विरुद्ध ११ मतांनीं मंजूर झालें, आणि त्या २७ जणांत निक्सन ह्यांच्याच पक्षाचे सहा सभासद होते. अविश्वास कसा असावा हें ह्या दोन प्रसंगांवरून शिकावें. तो आपल्या माणसावर ठेवलेला अविश्वास होता, पुराव्यावर उभा होता आणि म्हणूनच राज्याला तारक झाला. वर्तमानपत्रांची प्रतिष्ठाहि त्या काळीं वाढली. सन १९७६ मध्यें त्यांवर विश्वास ठेवणारे अमेरिकन शंभरांत ७२ होते.

सन २०२४ मध्यें हाच आकडा ३१ वर आला, आणि सरकारवर विश्वास ठेवणारे त्या सालीं शंभरांत अवघे २२ उरले. ह्या घसरणीला सबळ कारणें आहेत, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. सन २००३ मध्यें इराकजवळ संहारक अस्त्रें आहेत असें सांगून युद्ध सुरू करण्यांत आलें. तीं अस्त्रें सांपडलीं नाहींत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें मे १९०० सालच्या पत्राला शोभेल अशा गांभीर्यानें, परंतु मे २००४ मध्यें म्हणजे युद्धास वर्ष उलटल्यावर, आपल्या वृत्तांची तपासणी जितकी कसोशीनें व्हावयास पाहिजे होती तितकी झाली नाहीं अशी कबुली दिली. ज्यांचीं मुलें त्या युद्धांत गेलीं, त्यांनीं ह्या कबुलीनें समाधान मानावें असें कोण म्हणेल?

परंतु कारणें मान्य करूनहि एक गोष्ट उरते, आणि तीच आमच्या मतें ह्या सर्व प्रश्नाचें मर्म आहे. अनुभवानें आलेला अविश्वास सर्वांच्या ठिकाणीं सारखा असावयास पाहिजे. कारण फसविले गेले ते सगळेच. तो तसा नाहीं. सन २०२४ मध्यें वृत्तपत्रांवर विश्वास ठेवणारे डेमोक्रॅट पक्षांत शंभरांत ५४, तर रिपब्लिकन पक्षांत १२ होते. सरकारविषयींचा विश्वास तर अध्यक्षाच्या पक्षाबरोबर बाजू बदलतो. बायडन अध्यक्ष असतांना डेमोक्रॅटांचा सरकारवर अधिक विश्वास होता. सन २०२५ मध्यें ट्रंप पुन्हां अध्यक्ष होतांच तो उतरला आणि रिपब्लिकनांचा चढला. राज्यकारभाराचीं खातीं तींच, कारकून बव्हंशीं तेच. मग इतक्या थोड्या काळांत असा कोणता नवा अनुभव आला? अनुभव आला नाहीं, झेंडा बदलला. येथें अविश्वास हा निर्णय राहिला नसून पक्षाची निशाणी झाला आहे.

कोणी म्हणेल, अमेरिकेंत हें आरंभापासूनच आहे. खरें आहे. सन १७९१ मध्यें फिलिप फ्रेनो ह्यानें ‘नॅशनल गॅझेट’ पत्र काढलें, तेव्हां परराष्ट्रमंत्री जेफरसन ह्यांनीं त्यास आपल्या खात्यांत भाषांतरकाराची नोकरी दिली होती; आणि हें पत्र त्याच सरकारांतील हॅमिल्टन ह्यांच्यावर तुटून पडत असे. सन १७८७ मध्यें, वर्तमानपत्रांवांचून सरकार असण्यापेक्षां सरकारावांचून वर्तमानपत्रें असलेलीं बरीं, असें लिहिणारे जेफरसन अध्यक्ष झाल्यावर सन १८०७ मध्यें वर्तमानपत्रांतील कशावरहि विश्वास ठेवतां येत नाहीं असें लिहितात! मनुष्यस्वभाव तेव्हांहि हाच होता.

परंतु त्या काळच्या पत्रांना व आजच्या वाहिन्यांना जोडणारा जो मधला काळ, त्यांत कांहीं मर्यादा होत्या, त्या एकेक करून सुटल्या. दूरचित्रवाणीच्या बातम्या म्हणजे मूठभर लोकांचें मत आहे, अशी चढाई नोव्हेंबर १९६९ मध्यें उपाध्यक्ष अॅग्न्यू ह्यांनीं भर सभेंत केली, आणि तेव्हांपासून बातमीवरील अविश्वास हें पक्षाचें अधिकृत हत्यार झालें. वादग्रस्त प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडाव्या, असें प्रक्षेपकांवर बंधन घालणारा सन १९४९ चा नियम १९८७ मध्यें रद्द झाला. सन १९९६ मध्यें चोवीस तास बातम्या देणाऱ्या नव्या वाहिन्या निघाल्या आणि काळेंकरून प्रत्येक पक्षाला आपापली वाहिनी मिळाली.

अशा वाहिनीचा मालक प्रेक्षकांस फसवितो, असें आपण समजतों. गोष्ट इतकी सोपी नाहीं. सन २०२० च्या निवडणुकींत मतमोजणीच्या यंत्रांनीं लबाडी केली हा आरोप ‘फॉक्स’ वाहिनीवरून पुनःपुन्हां झाला. ह्याबद्दल यंत्रें करणाऱ्या कंपनीनें भरलेल्या दाव्यांत वाहिनीच्या लोकांचीं खासगी पत्रें न्यायालयापुढें आलीं. त्यांपैकीं कित्येकांचा त्या आरोपांवर विश्वास नव्हता; परंतु खरें सांगितलें तर प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे जातील, ह्याचें त्यांस भय होतें. एप्रिल २०२३ मध्यें वाहिनीनें ७८ कोटि ७५ लक्ष डॉलर देऊन तो दावा मिटविला. येथें मालकानें प्रेक्षकाला फसविलें, कीं प्रेक्षकानें मालकाला खोटें बोलावयास लाविलें? लिपमननें ही अवस्था कल्पिली नव्हती. वर्तमानपत्र वाचकाच्या मनांत चित्र काढतें, हें त्यानें सांगितलें. वाचक स्वतःच चित्र ठरवून देईल आणि तें न काढणारास सोडून जाईल, हें त्याच्या काळीं इतक्या उघडपणें दिसलें नव्हतें.

त्याच निवडणुकीसंबंधीं साठांहून अधिक दावे न्यायालयांत गेले आणि जवळजवळ सर्व फेटाळले गेले. फेटाळणारांत ट्रंप ह्यांनीं नेमलेले न्यायाधीशहि होते. सन १९७४ मध्यें अशा निकालानें राष्ट्राचा निर्णय झाला असता. ह्या वेळीं न्यायाधीशच संशयित ठरले, आणि ६ जानेवारी २०२१ रोजीं जमाव संसदेच्या इमारतींत शिरला. दुसऱ्या पक्षाचेंहि माप पदरांत घातलें पाहिजे. अध्यक्ष बायडन ह्यांच्या वार्धक्याची शंका ही विरोधकांची कुटाळकी आहे, असें त्यांच्या पक्षाचे बहुतेक पुढारी सांगत आले. २७ जून २०२४ च्या वादसभेंत सर्वांनीं प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलें, आणि २१ जुलै रोजीं बायडन ह्यांस उमेदवारी सोडावी लागली. दोन्ही अपराध सारख्या वजनाचे आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. पहिल्याचा परिणाम अधिक घातक झाला. परंतु दोहोंचें मूळ एकच आहे. बातमी कोणाच्या तोंडून आली हें पाहून ती खरी कीं खोटी हें ठरविण्यांत आलें.

ह्यावरून आम्ही एका निष्कर्षाला येतों. ज्याला आपण अविश्वास म्हणतों तो पुष्कळ वेळां अविश्वास नसतोच. ती एका जागेवरून काढून दुसऱ्या जागीं ठेवलेली अंधश्रद्धा असते. सर्व वर्तमानपत्रें खोटीं म्हणणारा मनुष्य कशावरच विश्वास ठेवीत नाहीं असें नव्हे. तो एका कोणावर संपूर्ण विश्वास ठेवतो आणि त्याच्याजवळ पुरावा मागत नाहीं. आरेंटनें दुसऱ्या एका निबंधांत, सन १९६७ मध्यें, म्हटलें आहे कीं सतत असत्य कानीं पडल्यानें लोक असत्याला सत्य मानूं लागतात असें नाहीं. खरें व खोटें ह्यांमध्यें दिशा दाखविणारी जी बुद्धि, तीच नाहींशी होते. आमच्या मतें अमेरिकेची आजची हानि हीच आहे.

मग उपाय कोणता? लिपमनच्या ग्रंथाचें परीक्षण सन १९२२ मध्येंच जॉन ड्यूई ह्या तत्त्वज्ञानें केलें, आणि सन १९२७ च्या ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ ह्या ग्रंथांत त्यास सविस्तर उत्तर दिलें. तज्ज्ञ कितीहि शहाणे असले तरी लोकांपासून तुटले कीं ते एक निराळा वर्ग बनतात. ज्याचा जोडा त्यालाच तो कोठें चावतो हें कळतें. म्हणून शेजारीशेजारीं समोरासमोर बोलणें हाच लोकशाहीचा पाया आहे, असें ड्यूईचें मत. हेच ड्यूई कोलंबिया विद्यापीठांत डॉ. आंबेडकरांचे गुरु होते, हें आपणांस विसरतां येत नाहीं. ज्या १९२० सालीं लिपमननें ‘टाइम्स’ची तपासणी केली, त्याच सालच्या जानेवारींत डॉ. आंबेडकरांनीं ‘मूकनायक’ काढला. प्रचलित पत्रें विशिष्ट जातींचें हित पाहतात, ही त्यांची तक्रार होती आणि ती साधार होती. परंतु त्या अविश्वासापोटीं त्यांनीं कान झांकून घेतले नाहींत. नवें पत्र काढून, पुरावा व युक्तिवाद देऊन, विरोधकांनाहि वाचणें भाग पाडलें.

ड्यूईचें मतहि आज निर्वेध लागू पडत नाहीं, हें सांगितलें पाहिजे. समोरासमोर बोलावयास समान विषय लागतो, आणि तो पुरविणारीं अमेरिकेंतील गांवोगांवचीं लहान पत्रें २००५ पासून २०२४ पर्यंत तीन हजारांहून अधिक बंद पडलीं. गांवच्या शाळेचें अंदाजपत्रक आणि पुलाची दुरुस्ती ह्या विषयांवर दोन पक्षांचे शेजारी बोलूं शकत. तें पत्र गेल्यावर त्यांच्यापुढें राजधानींतलें भांडण तेवढें उरतें.

तरीहि दोन ग्रंथकारांत निवड करावयाची झाल्यास निदानासाठीं लिपमन व उपचारासाठीं ड्यूई, असा आमचा कौल आहे. ‘लोकमत’ ह्या ग्रंथाचा पूर्वार्ध प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत वाचला जावा. उत्तरार्ध आरेंटच्या निबंधाबरोबर वाचावा, म्हणजे त्यांतील भ्रम बाधणार नाहीं. आणि वाचतांना दुसऱ्याच्या मनांतले ठसे शोधण्यापूर्वीं स्वतःचे शोधावे. आम्हीं हा प्रयोग करून पाहिला आणि लाज वाटली. ज्या पत्राचा अग्रलेख आम्हांस पटतो, त्यांतील बातमी आम्हीं गेल्या कित्येक वर्षांत एकदांहि ताडून पाहिलेली नाहीं. न पटणाऱ्या पत्राच्या मात्र चुका वेंचून ठेविल्या आहेत.

त्या मातोश्रींस आम्हीं अखेर पत्र लिहिलें. खरें कोणाचें, हें सांगण्याचें धाडस केलें नाहीं. इतकेंच लिहिलें, कीं दोघांनींहि आपापल्या पक्षाची एकेक चूक, पुराव्यासह, एकमेकांस कळवावी. दुसऱ्याच्या पक्षाविषयीं अवाक्षर काढूं नये. हें पत्र त्यांनीं दोघांस पाठविलें आहे. थोरल्याचें उत्तर आलें. आपल्या पक्षाची चूक आठवण्यास थोडा अवधि हवा, असें तो म्हणतो. धाकट्याचें अद्याप यावयाचें आहे.